"हे झालं कधी?" : मावशीच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं पूर्ण प्रकरण

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मावशी पहिल्यांदा उशीला टेकून नीट बसली आणि तिने मला एकच प्रश्न विचारला. "अगं, तू रोज हेच बघतेस ना, मग मला एवढं सांग, हे झालं कधी?"

मी पॅथॉलॉजीत आहे, गाठींच्या स्लाइड वाचणं हे माझं रोजचं काम, तरी त्या क्षणी मला धड उत्तर देता आलं नाही. कारण "कधी" म्हटलं की माणसाला तारीख हवी असते, निदान एखादं वर्ष तरी, आणि कॅन्सरला तशी तारीखच नसते. मावशीच्या रिपोर्टवर जी तारीख आहे ती फक्त आपल्याला कळल्याची, झाल्याची नाही. तिला मी नंतर जमेल तसं तुकड्यातुकड्यात सांगितलं, पण एकदा सगळं सलग लिहायचं मनात होतं, तिला विचारून लिहिते आहे.

आमच्या लक्षात आलं ते थकव्यावरून. मावशी तेव्हा ६१ वर्षांची, कामाला वाघ, आणि ती जिन्याच्या मधल्या टप्प्यावर कठड्याला धरून थांबायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.१. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांनी ९.४ झालं, सगळ्यांनी हुश्श केलं, गोळ्या थांबल्या, परत ८.३, परत गोळ्या, असं करत करत आठ महिने गेले. इथे मला अजून वाईट वाटतं. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईच्या अंगातलं लोह संपतंय म्हणजे रक्त कुठूनतरी जातंय, आणि अशा वयात ते "कुठूनतरी" बऱ्याचदा पोटात नाहीतर आतड्यात सापडतं. हे शिकलेलं असतं सगळ्यांनी, पण गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी रक्त जातंय कुठे हे शोधलं नाही, आणि मी स्वतः फोनवर "गोळ्या वेळेवर घे गं" एवढंच म्हणत राहिले. घडा तळाला गळतोय आणि आम्ही वरून पाणी ओततोय, असं चाललं होतं.

तुम्ही म्हणाल संडासातून रक्त दिसलं नसेल का. नाही दिसलं, आणि त्याला कारण आहे. मोठ्या आतड्याचा उजवा भाग रुंद असतो आणि तिथे मळ अजून पातळ असतो, त्यामुळे तिथे गाठ वाढली तरी वाट अडत नाही, रोज थोडंथोडं रक्त झिरपतं आणि मळात मिसळून जातं, डोळ्यांना काही वेगळं दिसतच नाही. डाव्या बाजूला आतडं अरुंद, मळ घट्ट, म्हणून तिथली गाठ लवकर कुरकुर करते, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, कधी लाल रक्त. मावशीची गाठ उजवीकडे होती, ती गप्प बसून रक्त पीत राहिली.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी फेरिटिन केलं, म्हणजे अंगातला लोहाचा साठा तपासला, ते आलं ६, साठा जवळजवळ संपलेला, आणि त्यांनी त्याच दिवशी कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायची चिठ्ठी दिली. उजव्या बाजूला ४ सेंटिमीटरची गाठ निघाली, आणि खाली डावीकडे, गाठीपासून बरीच लांब, ७ मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे अस्तरावर आलेला छोटा उंचवटा. पॉलिप त्यांनी तिथल्या तिथे फास टाकून काढला, गाठीचा तुकडा बायोप्सीला पाठवला. सीटी स्कॅनमध्ये लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ दिसली, मग दुर्बिणीतून ऑपरेशन करून आतड्याचा उजवा भाग काढला.

तो ७ मिलिमीटरचा पॉलिप लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता आत काय झालं ते. मोठ्या आतड्याचं अस्तर वरून गुळगुळीत दिसतं पण मायक्रोस्कोपखाली बघितलं तर त्यात बारीक बारीक नळ्या रोवलेल्या असतात, एकेक नळी साधारण अर्ध्या मिलिमीटर खोल, आणि अशा नळ्या एक कोटीच्या वर. प्रत्येक नळीच्या तळाशी काही मूळ पेशी बसलेल्या असतात. त्या विभागतात, नवी पेशी हळूहळू वर सरकते, वर जाता जाता विभागणं थांबवते, कामाला लागते, आणि चारपाच दिवसांत वरच्या टोकाला पोचून गळून पडते. सरकत्या जिन्यासारखं आहे हे, तळाशी चढायचं आणि वर उतरायचं, आणि आपलं आयुष्यभर ते बंद पडत नाही.

पेशी विभागायची म्हणजे आधी तिच्यातल्या डीएनएची पूर्ण नक्कल करायची, आणि ही जवळजवळ सहा अब्ज अक्षरांची नक्कल आहे. चुका होतात. बहुतेक चुका दुरुस्त करणारी प्रथिनं लगेच पकडतात, पण सगळ्या नाही. आणि ज्या पेशीला पाच दिवसांत गळूनच पडायचंय तिच्यात चूक राहिली तरी ती मळाबरोबर बाहेर जाते, काही बिघडत नाही. प्रश्न तळाच्या मूळ पेशींचा, कारण त्या तिथेच राहतात आणि त्यांची चूक पुढच्या सगळ्या लेकी-नातींना जाते. निरोगी माणसांच्या आतड्यातल्या एकेका नळीचा डीएनए वाचून बघितलाय लोकांनी, तर मूळ पेशीत दर वर्षी साधारण चाळीस नव्या चुका साठत जातात. बहुतेक बिनमहत्त्वाच्या जागी. पण २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की पन्नाशी-साठीच्या माणसांच्या अगदी नॉर्मल दिसणाऱ्या नळ्यांपैकी साधारण १ टक्का नळ्यांमध्ये कॅन्सरकडे ढकलणारा एखादा बिघाड आधीच असतो. एक कोटीचा १ टक्का म्हणजे एक लाख. माझ्या, तुमच्या, सगळ्यांच्या आतड्यात, आत्ता. हे वाचून घाबरायचं काही नाही, उलट मला हे वाचून शरीराबद्दल फार आदर वाटला, कारण त्या लाखभर नळ्यांपैकी जवळजवळ सगळ्या आयुष्यभर नुसत्या तशाच राहतात, काही करत नाहीत. एक बिघाड पुरत नाही.

मग किती लागतात? एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मोठ्या आतड्याचाच दाखला घेऊन हे मांडलं की साध्या अस्तरापासून छोटा पॉलिप, मोठा पॉलिप आणि मग कॅन्सर, या प्रत्येक पायरीला कुठलातरी नवा जीन बिघडतो आणि असे बिघाड एकाच पेशीच्या वंशात साठत जावे लागतात. मावशीच्या गाठीची जीन टेस्ट झाली होती, आणि त्यात जे तीन मोठे बिघाड आले ते या गोष्टीत अगदी नेहमी भेटणारे आहेत: एपीसी, के-रास आणि पी५३.

एपीसी हा ब्रेक आहे. वर सरकणाऱ्या पेशीला "आता विभागणं बंद कर" हे सांगायची जी यंत्रणा आहे त्यातला तो मुख्य माणूस, विभागत राहा असा निरोप देणारं बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन तो सतत मोडून टाकत असतो. जवळजवळ प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची, आणि ब्रेकच्या बाबतीत एक प्रत गेली तरी दुसरी काम करते. दोन्ही जाव्या लागतात. अल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचा हिशोब मांडून ही दोन फटक्यांची कल्पना सांगितली होती, तेव्हा तो जीन कुणी पाहिलाही नव्हता. काही घराण्यांत एपीसीची एक प्रत जन्मतःच बिघडलेली येते, अशा मुलांना तरुणपणीच आतड्यात शेकडो पॉलिप होतात आणि आतडं वेळेत काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळजवळ ठरलेला. मावशीचं तसं नव्हतं, तिच्या दोन्ही प्रती जन्मतः चांगल्या होत्या, दोन्ही नंतर वेगवेगळ्या वेळी बिघडल्या, एका पेशीत. कोट्यवधी पेशींपैकी एकीत.

त्या पेशीच्या वंशाने जिन्यावरून उतरायचं थांबवलं. वर सरकल्यावरही विभागणं चालूच, त्यामुळे तिथे पेशींचा ढीग साठला, तोच पॉलिप. आम्ही त्याला ॲडेनोमा म्हणतो. तो कॅन्सर नाही. बहुतेक पॉलिप कॅन्सर होतच नाहीत, काही आहे तेवढेच राहतात, काही तर आपोआप बारीकही होतात.

पुढचा बिघाड के-रासचा. हे बटण आहे, बाहेरून वाढीचा निरोप आला की चालू होतं आणि काम झालं की स्वतःच बंद होतं. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा, मावशीच्या गाठीत या प्रथिनाचा बारावा मणी बदलला होता, एकच अक्षर चुकलं होतं डीएनएत, आणि तेवढ्याने बटण दाबल्या जागी अडकलं. दारावरची बेल अडकून वाजतच राहते तसं, बाहेर कुणी नाही आणि आत धावपळ चालू. इथे एकच प्रत बिघडली तरी पुरतं. पॉलिप आता मोठा व्हायला लागतो.

मग पी५३. हा पहारेकरी, १९७९ मध्ये सापडला, आणि डीएनएला इजा झालेली दिसली की तो पेशीला थांबवतो, दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतो. तो गेला की मोडक्यातोडक्या पेशीही जगतात आणि विभागतात, गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे होतात, आणि प्रत्येक विभागणीत नवीन गोंधळ. यातल्या बहुतेक पेशी मरतातच, ज्या टिकतात त्या जास्त चिवट. पीटर नोवेल यांनी १९७६ मध्येच लिहिलं होतं की गाठ म्हणजे एका पेशीपासून सुरू झालेली उत्क्रांती आहे, आणि मला ही गोष्ट रोज कामात दिसते, एकाच गाठीत दोन कोपऱ्यातल्या पेशी वेगळ्या दिसतात.

शिवाय नुसतं वाढून भागत नाही, खायला पण लागतं. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्या तर गाठ एकदोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून ती आजूबाजूच्या वाहिन्यांना निरोप पाठवून नव्या फांद्या आपल्याकडे ओढून घेते. मावशीचं रक्त जात होतं ते याच नव्या, कच्च्या, चटकन फुटणाऱ्या वाहिन्यांतून. म्हणजे तिला जिन्यावर जो दम लागत होता त्याचा धागा थेट इथे येतो.

रिपोर्टवर सही माझ्या सहकाऱ्याची आहे, घरच्या माणसाचा रिपोर्ट मी देणार नव्हतेच, पण संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती स्लाइड लावून बसले. गाठीच्या कडेचा तुकडा होता. डाव्या टोकाला मावशीचं नॉर्मल अस्तर, निळ्या-गुलाबी रंगात नळ्या एका रांगेत उभ्या, प्रत्येक पेशीचं केंद्रक तळाशी नीट बसलेलं, मधेमधे चिकट द्रवाने भरलेल्या पेशींचे पांढुरके थेंब. स्लाइड थोडी उजवीकडे सरकवली तर नळ्या दाटीवाटीने, केंद्रकं लांबट, गडद, सिगारसारखी, एकावर एक चढलेली, पांढरे थेंब गायब. हा जुना ॲडेनोमा, गाठीच्या कडेला अजून शिल्लक राहिलेला. त्याच्याखाली स्नायूंची एक पातळ गुलाबी पट्टी असते, अस्तर आणि खालचा थर यांच्यामधली. आणखी उजवीकडे गेले तर ती पट्टी तुटली होती, आणि त्या फटीतून वेड्यावाकड्या नळ्या खाली उतरल्या होत्या, नळ्यांच्या पोकळीत मेलेल्या पेशींचा कचरा, आणि भोवती जखम भरताना येतं तसं राठ तंतूंचं जाळं. शरीर त्याला जखमच समजत होतं. सगळ्यात पुढच्या टोकाला दोनतीन पेशी कळप सोडून एकट्या निघालेल्या दिसल्या.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत ती पट्टी ओलांडली की आम्ही नाव बदलतो, वरती ॲडेनोमा, खाली कॅन्सर. कारण पट्टीखालच्या थरात मोठ्या रक्तवाहिन्या आणि लिम्फच्या वाहिन्या असतात, पेशींना बाहेर जायची वाट तिथे मिळते. मी ती स्लाइड डावीकडून उजवीकडे तीनचार वेळा सरकवली. दोन सेंटिमीटर काचेवर मावशीची किमान पंधरा वर्षं पसरली होती, आणि त्यातली बहुतेक वर्षं पट्टीच्या वरची होती. मला त्या खुर्चीत रडू आलं, खरं सांगते. आजार क्रूर आहे म्हणून नाही, त्याने एवढा वेळ दिला होता म्हणून.

पंधरा वर्षं हे मी हवेत म्हणत नाहीये. २००८ मध्ये गाठींतल्या म्युटेशन, म्हणजे डीएनएतल्या चुका, मोजून एका गटाने हिशोब केला होता, त्यात मोठ्या साध्या पॉलिपपासून पुढे गेलेल्या कॅन्सरपर्यंत साधारण १७ वर्षं लागतात आणि मग पसरण्याची ताकद यायला मात्र दोन वर्षंही लागत नाहीत असं आलं. म्हणजे चाल फार हळू आणि शेवट एकदम भरभर. आकडे वेगळ्या बाजूने बघा: १ सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी धरतात, आणि एका पेशीपासून तिथपर्यंत यायला दुप्पट व्हायच्या तीस पायऱ्या पुरतात. गाठ डोळ्यांना दिसते तेव्हा तिचा बराचसा प्रवास आधीच झालेला असतो.

मावशीचा रिपोर्ट: गाठ आतड्याच्या स्नायूचा थर ओलांडून बाहेरच्या चरबीपर्यंत, २२ लिम्फ नोड (लिम्फच्या वाहिन्यांवरच्या छोट्या ग्रंथी) तपासले, त्यातल्या एकात कॅन्सर. स्टेज तीन. डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या चारही प्रथिनांची तपासणी केली, ती शाबूत होती, म्हणजे घराण्यात उतरणारा आणि आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जो लिंच सिंड्रोम म्हणतात त्याची शक्यता मागे पडली. एका नोडमध्ये पेशी पोचल्या म्हणजे आणखी काही पुढे गेल्या असू शकतात, आतड्याचं रक्त आधी लिव्हरला जातं म्हणून तिथे जास्त भीती. पण वाहिनीत शिरलेली प्रत्येक पेशी रुजत नाही, बहुतेक वाटेतच मरतात. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच म्हटलं होतं की बी कुठेही पडो, जमीन मानवली तरच उगवतं. स्कॅनमध्ये न दिसणारं असं काही बी उरलं असेल तर ते मारायला केमो, तीन महिने, चार सायकल. त्यात तिला गार पाण्याला हात लावला की बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं, ते हळूहळू कमी झालं.

सगळ्यात अवघड गेलं ते तिच्या मनातलं. पंधरा-सतरा वर्षं मागे म्हटल्यावर ती बोटं मोजायला लागली, तेव्हा सासूबाईंचं आजारपण, तेव्हा नोकरीतला त्रास, "त्या वर्षांत मी फार टेन्शन घेतलं, त्यानेच झालं ना?" मी तिला अगदी स्पष्ट सांगितलं, नाही मावशी, टेन्शन घेतलं म्हणून एपीसी तुटतो असा पुरावा नाही. सिगारेट, दारू, वाढलेलं वजन, बैठी सवय, आतड्याला वर्षानुवर्षं असलेली सूज, जवळच्या नात्यातला कॅन्सर, यांनी धोका वाढतो हे खरंय, तंबाखू सोडा आणि हालचाल ठेवा हे मी कुणालाही सांगेन. पण वय हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, जिना जितकी वर्षं चालला तितक्या चुका साठल्या. यातल्या किती चुका निव्वळ नशिबाच्या यावर २०१५ पासून शास्त्रज्ञांत जोरात वाद चाललाय, आणि तो आकड्याचा वाद आहे. एकट्या मावशीपुरतं बोलायचं तर ती कधी सिगारेट-दारूला शिवली नाही, रोज चालायची, तिने काही केलं म्हणून हे झालं नाही. हे वाक्य मी तिला कितीतरी वेळा म्हटलं असेन, दर वेळी ती मान हलवायची आणि परत बोटं मोजायची.

आता तो ७ मिलिमीटरचा पॉलिप. तोही ॲडेनोमा निघाला, साधा, सौम्य. मावशीच्या मोठ्या गाठीनेही कधीतरी याच आकाराचं असतानाचं वर्ष काढलं असणार, बहुधा तिच्या पन्नाशीच्या आधीच, आणि तेव्हा कुणी आत बघितलं असतं तर फास टाकून दोन मिनिटांत विषय संपला असता. हे नुसतं वाटणं नाही, १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पॉलिप काढलेल्या लोकांचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा आतड्याचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी निघाला होता. सरळ कोलोनोस्कोपीला तयारी नसेल तर मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची साधी टेस्टसुद्धा आहे, ती पॉझिटिव्ह आली तर मग दुर्बीण. आणि मावशीच्या केसमध्ये ती टेस्ट तर सोडाच, हिमोग्लोबिनचा रिपोर्टच आठ महिने ओरडून सांगत होता.

ऑपरेशनला आता दोन वर्षं झाली. वर्षभराने केलेली कोलोनोस्कोपी स्वच्छ, सीईए (रक्तातली या कॅन्सरची एक खूण) खाली आलेलं ते खालीच, हिमोग्लोबिन १२.६. ती परत भराभर जिना चढते.

सख्ख्या बहिणीला झालाय म्हणजे आईचाही धोका वाढतो, तिने केव्हाच तपासून घ्यायला हवं होतं, पण आई "मला काही होत नाहीये" म्हणून सात महिने टाळत होती. मी सांगून थकले. शेवटी मावशीनेच फोन केला, "ताई, मलाही काही होत नव्हतं. तू आधी तपासून घे, मग माझ्याशी बोल." कोलोनोस्कोपीआधी आतडं साफ करायचं जुलाबाचं औषध पिताना आई फार वैतागली, बाकी काही त्रास नाही झाला. उजव्या बाजूलाच, मावशीची गाठ होती जवळपास त्याच भागात, ९ मिलिमीटरचा पॉलिप होता, तिथल्या तिथे काढला. ती स्लाइडसुद्धा मी संध्याकाळी लावून बसले. केंद्रकं तशीच लांबट, गडद, दाटीवाटीची, पण खालची गुलाबी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती.